लाल फितीची दुसरी गोष्ट

लाल फीत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी कचेरी येते. धूळ खात पडलेली फाईल, तिच्याभोवती आवळलेली नाडी आणि 'साहेब जागेवर नाहीत' हे पालुपद. जुन्या फ्रान्सच्या सैन्यात मात्र लाल फितीचा अर्थ फार वेगळा होता. ज्वाळेच्या रंगाची ती फीत, तिला अडकवलेला पांढऱ्या मिन्याचा आठ टोकांचा क्रॉस, आणि तो एकदा तरी छातीवर यावा म्हणून उभी हयात छावण्यांत घालवणारे अधिकारी. 'रॉयल अँड मिलिटरी ऑर्डर ऑफ सेंट लुई' हे तिचे पुरे नाव. चौदाव्या लुईने एप्रिल १६९३ मध्ये ती स्थापन केली आणि १८३० साली ती मावळली.

परक्या देशातल्या, तेही गेलेल्या राजांच्या पदकांत आपण कशाला लक्ष घालायचे, असे कोणी म्हणेल. पण दरवर्षी २६ जानेवारीच्या सकाळी आपण वर्तमानपत्रातली सन्मानांची यादी वाचतोच ना? अमक्याला मिळाले, तमक्याचे राहिले, यावर चहाच्या कपाबरोबर घरोघर खल होतो. सन्मान द्यायचा कोणाला, तो देताना माणसाला विचारायचे काय, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. फ्रान्समध्ये तो एका क्रॉसभोवती सव्वाशे-दीडशे वर्षे फिरत राहिला. म्हणून ही गोष्ट.

लुईच्या आधी फ्रान्समध्ये सन्मान नव्हते असे नाही. १४६९ पासून 'सेंट मायकेल'ची ऑर्डर होती. १५७८ मध्ये तिसऱ्या हेन्रीने 'होली स्पिरिट'ची काढली, तिची फीत निळी. सारे मिळून शंभर मानकरी, आणि तेही पिढ्यान् पिढ्यांचे खानदानी. (स्वयंपाकात तरबेज माणसाला 'कॉर्डन ब्लू' म्हणतात, ती निळी फीत हीच. खानदान गेले, फोडणी उरली!) या दोन्ही ऑर्डरी दरबारी होत्या. सरहद्दीवरच्या किल्ल्यात चिखल तुडवत बसलेल्या कप्तानाला त्यांचा काही उपयोग नव्हता.

आणि १६९३ साली लुईला नेमकी त्या कप्तानाची गरज होती. १६८८ पासून तो इंग्लंड, हॉलंड, स्पेन, सव्हॉय आणि जर्मन सम्राट अशा साऱ्यांशी एकाच वेळी लढत होता. त्याच्या सैन्याचा आकडा कागदावर तीन लाखांच्या वर गेला होता. त्या काळी कप्ताने आपली तुकडी पैसे मोजून विकत घेत, शिपाई भरती करत, प्रसंगी पदरमोड करून त्यांना पोसत. आपल्याकडच्या सरंजामी पथक्याची जी ओढाताण होई, तशीच ही. लढाई लांबली की घरची जमीन गहाण पडे. त्यात त्या वर्षी पिके बुडाली आणि दुष्काळ पडला. अधिकाऱ्यांना रोख बक्षीस द्यावे, तर खजिन्याच्या आडातच नव्हते, मग पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा राजाने मान द्यायचे ठरवले. यात हिशेब होता हे उघड आहे. मिन्याचा क्रॉस तोफेपेक्षा स्वस्त पडतो. पण लुईने निव्वळ क्रॉस देऊन बोळवण केली नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑर्डरला वर्षाला तीन लाख लिव्र उत्पन्नाची तरतूद होती. आठ ग्रँड क्रॉस, प्रत्येकी सहा हजार लिव्र. चोवीस कमांडर, त्यांना चार किंवा तीन हजार. त्यांच्याखाली साधे नाइट, म्हणजे फ्रेंच भाषेत 'शेव्हालिए'. त्यांची संख्या मर्यादित नव्हती, पण पेन्शनी मर्यादित होत्या. दोन हजारांपासून आठशे लिव्रपर्यंत. म्हणजे क्रॉस मिळाला तरी पेन्शनसाठी वरचा कोणी जाण्याची वाट पाहायची. निवृत्तीच्या वाटेवरचा कोणताही नोकरदार ही वाट पाहणे ओळखेल.

क्रॉसवर चिलखत घातलेला संत लुई उभा, एका हातात जयाची माळ, दुसऱ्या हातात काट्यांचा मुकुट. मागल्या बाजूला तलवार आणि लॅटिन ब्रीद. त्याचा अर्थ, रणशौर्याचे पारितोषिक. ज्याच्या नावाने हे पारितोषिक, तो नववा लुई रणात फारसा यशस्वी नव्हता, ही एक गंमतच. १२५० मध्ये इजिप्तच्या मोहिमेत तो शत्रूच्या हाती सापडला आणि खंडणी भरून सुटला. १२७० मध्ये ट्युनिसच्या वेढ्यात आजारपणाने गेला. पण तो राजाचा पूर्वज होता, संत होता आणि मुख्य म्हणजे त्याचे नाव लुई होते.

आता मुद्द्याचे. नाइट व्हायला अट काय? किमान दहा वर्षांची अधिकारी म्हणून चाकरी. घराणे कोणते, हे विचारलेच नव्हते. शंभर वर्षांपूर्वीचा पणजोबा कोण, आईचे माहेर कोणते, ढालीवर चिन्ह काय, काही नाही. ज्या देशात राजाच्या बुटात पाय घालायला मदत करण्याचा मानही घराणे पाहून दिला जाई, त्या देशात राजाच स्वतः म्हणाला की, तू काय केलेस तेवढे सांग. मला या ऑर्डरचे खरे मोल इथे वाटते. लुई काही समतेचा पुजारी नव्हता. त्याला लढणारी माणसे हवी होती आणि खानदानी माणसे पुरत नव्हती. पण गरजेपोटी का होईना, एक दार किलकिले झाले.

ते किती महत्त्वाचे होते, हे पुढच्या पिढ्यांनी दाखवले. १७५० मध्ये पंधराव्या लुईने फर्मान काढले की, ज्या घरातले आजोबा, बाप आणि नातू असे तिघे ठरावीक वर्षे अधिकारी राहून 'सेंट लुई'चे नाइट होतील, त्या घराला तिसऱ्या पिढीत उमरावपद मिळेल. पुढे १७८१ मध्ये युद्धमंत्री सेग्यूरच्या काळात वारे उलटे फिरले. थेट अधिकारी व्हायचे तर बापाकडून चार पिढ्यांचे खानदान सिद्ध करा, असा हुकूम निघाला. सावकारांची, वकिलांची मुले एका फटक्यात बाहेर पडली. पण त्या हुकमातही एक अपवाद होता. बाप 'सेंट लुई'चा नाइट असेल, तर मुलाला चार पिढ्यांचा पुरावा माफ. सगळी दारे लागत असताना त्या फितीमुळे हे एक उघडे राहिले. मला तरी ही त्या क्रॉसची पेन्शनीहून मोठी कमाई वाटते.

परंतु घराणे न विचारणाऱ्या या राजाने दुसरे काही मात्र विचारले होते. शपथ घ्यायची ती कॅथलिक धर्मात जगेन आणि मरेन अशी. मुळात राजाने आठच वर्षे आधी, १६८५ मध्ये, प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला होता. त्याची किंमत सैन्याला आधीच भरावी लागली होती. मार्शल शोमबर्गसारखा सेनापती देश सोडून गेला आणि १६९० मध्ये आयर्लंडमधल्या बॉयन नदीवर शत्रूच्या बाजूने लढताना पडला. तटबंदीचा जादूगार व्होबाँ याने १६८९ मध्येच राजाला खलिता लिहून बजावले होते की, पाच-सहाशे अधिकारी आणि दहा-बारा हजार शिपाई आपण फुकट शत्रूला दिले. राजाने खलिता बाजूला ठेवला. नवी ऑर्डर निघाली तेव्हा पहिल्या ग्रँड क्रॉसच्या मानकऱ्यांत व्होबाँ होता. सल्ला नको, पण सल्लागाराला मान द्यायचा, ही रीत पुष्कळ दरबारांत दिसते.

तरीही फ्रान्सच्या सैन्यात स्विस आणि जर्मन पलटणी होत्याच, आणि त्यांतले कितीतरी अधिकारी प्रॉटेस्टंट होते. ते मरत होते त्याच राजासाठी, त्याच मैदानावर. छातीवर मात्र काही नाही. शेवटी १७५९ मध्ये पंधराव्या लुईने त्यांच्यासाठी वेगळी सोय केली. तिला 'ऑर्डर' म्हणायचेसुद्धा टाळले. नाव ठेवले 'लष्करी गुणवत्तेची संस्था'. क्रॉस जवळपास तसाच, फक्त संताची मूर्ती नाही, तिच्या जागी तलवार. फीत लाल नव्हे, गडद निळी. अमेरिकन दर्यावर्दी जॉन पॉल जोन्स याला १७८० मध्ये सोळाव्या लुईने हाच क्रॉस दिला. बाहेरून पाहणाऱ्याला केवढी उदारता वाटेल! पण एकाच खंदकातल्या दोघांपैकी एकाची फीत लाल आणि दुसऱ्याची निळी असेल, तर रोज सकाळी गणवेश चढवताना दुसऱ्याला काय आठवत असेल?

हे आपल्याला समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही. इंग्रजांनी १८५६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस काढला, पण हिंदी शिपायाला त्याचे दार १९११ पर्यंत बंद होते. त्याच्यासाठी कंपनीच्या काळापासूनचे वेगळे पदक, 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट', तेवढे होते. ते हलके होते असे मुळीच नाही. अतिशय कठीण कामगिरीला ते मिळे. पण ते वेगळे होते, आणि वेगळे का, हे सर्वांना माहीत होते. ते दार उघडले म्हणून तर १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन प्राण ठेवणाऱ्या नाईक यशवंत घाडगे यांचे नाव, रायगड जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातले नाव, त्या यादीत लागले.

फ्रान्सकडे परत जाऊ. घराणे विचारले नाही, धर्म विचारला. आणि तिसरी एक भिंत इतकी स्वाभाविक मानली गेली की तिची चर्चासुद्धा फार दिवस झाली नाही. हा क्रॉस अधिकाऱ्यांचा. शिपायाने कितीही पराक्रम केला तरी तो या यादीत बसत नव्हता. जायबंदी शिपायांसाठी चौदाव्या लुईनेच १६७० मध्ये पॅरिसला 'इनव्हॅलिड्स'चे आश्रयस्थान काढले होते. पोटाची सोय झाली, मानाची नाही. १७७१ मध्ये शिपायांसाठी एक लहानसे पदक निघाले, दोन तलवारींचे. चोवीस वर्षे चाकरी केली की ते गणवेशावर शिवायचे.

याच पदकाशी जाँ थ्युरेल या शिपायाची कथा निगडित आहे. १६९८ चा जन्म, १७१६ मध्ये तुरेन पलटणीत भरती. १७५९ च्या मिंडेनच्या लढाईत तलवारीचे सात वार, त्यांतले सहा डोक्यावर. बढती देऊ केली तर नको म्हणाला. जन्मभर साधा बंदूकवालाच राहिला. चोवीस-चोवीस वर्षांची तीन आवर्तने झाली आणि १७८७ मध्ये, नव्वदीला टेकलेला असताना, त्याला सोळाव्या लुईपुढे नेण्यात आले. तिशीतल्या राजाने त्याला 'बाबा' म्हणून हाक मारली आणि विचारले, सेंट लुईचा क्रॉस हवा की शिपायांचे पदक? म्हातारा म्हणाला, पदकच द्या, पण महाराजांनी स्वतःच्या हाताने लावावे. अशा कथांना कालांतराने थोडी कल्हई चढतेच. पण तीन पदके खरी आहेत आणि माणूसही खरा. १८०७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचे वय एकशे आठ होते.

मला या उत्तरात नम्रता दिसत नाही. उलट चांगलाच ताठा दिसतो, आणि तो आवडतो. ज्या रांगेत सत्तर वर्षे आपल्याला उभे राहू दिले नाही, त्या रांगेत आता मेहेरबानी म्हणून येऊन उभा राहू? माझ्या रांगेचे जे आहे ते द्या, आणि इथे चालत येऊन द्या.

बाकी अठराव्या शतकात या क्रॉसचे काय काय झाले, याच्या सुरस कथा पुष्कळ आहेत. शेव्हालिए द'एऑन हे त्यांतले सर्वांत नवलाचे प्रकरण. घोडदळाचा कप्तान आणि राजाचा गुप्त हेर. १७६३ मध्ये पॅरिसच्या तहाची कागदपत्रे लंडनहून व्हर्सायला पोचवल्याबद्दल क्रॉस मिळाला. पुढे द'एऑन यांनी आपण स्त्री असल्याचे सांगितले आणि १७७७ मध्ये सोळाव्या लुईने स्त्रीवेषातच राहावे असा हुकूम दिला. क्रॉस मात्र काढून घेतला नाही. रेशमी पोशाखावर लढवय्याचा क्रॉस लावून द'एऑन लंडनच्या समाजात वावरत. तू कोण आहेस हे न विचारता काय केलेस एवढेच पाहावे, हे मूळ तत्त्व इथे तरी, कसे का होईना, पाळले गेले.

मग क्रांती आली. १ जानेवारी १७९१ च्या निर्णयाने संताचे नाव गेले, उरली नुसती 'लष्करी निशाणी', आणि ती कोणत्याही धर्माच्या अधिकाऱ्याला खुली झाली. जे शहाणपण शंभर वर्षांत सुचले नाही ते सुचले, पण फार उशिरा. १५ ऑक्टोबर १७९२ ला सारेच रद्द झाले. पुढल्या वर्षी क्रॉस सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. ज्यांनी रक्त सांडून ते मिळवले होते त्यांना ते लपवावे लागले. एकाच वस्तूपायी माणसाला आधी मुजरे मिळावेत आणि मग गिलोटिनची भीती वाटावी, हे एका आयुष्यात घडले.

नेपोलियनने १९ मे १८०२ रोजी 'लिजन ऑफ ऑनर' काढली तेव्हा सल्लागारांपैकी काहींनी नाके मुरडली. हे खुळखुळे पुन्हा कशाला? खुळखुळ्यांनीच माणसे हलतात, अशा अर्थाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्या उत्तरातला तुच्छतेचा सूर मला पटत नाही; पण कृती त्याने शहाणी केली. फीत लालच ठेवली. घराणे विचारले नाही, धर्म विचारला नाही, आणि शिपाई, शास्त्रज्ञ, न्यायाधीश सारे एका यादीत आणले. साध्या मानकऱ्याला वर्षाला २५० फ्रँक. पहिला समारंभ १५ जुलै १८०४ रोजी झाला तो 'इनव्हॅलिड्स'मध्येच. त्या वर्षी सन्मान मिळालेल्यांत वयाची शंभरी ओलांडलेला थ्युरेलही होता. या वेळी मात्र त्याने नाही म्हटले नाही.

१८१४ मध्ये राजे परतले आणि त्यांच्याबरोबर 'सेंट लुई'चा क्रॉसही परतला. अठराव्या लुईला दोन्हीकडची माणसे सांभाळायची होती. पंचवीस वर्षे परदेशांत पडलेले निष्ठावंत आणि नेपोलियनबरोबर युरोप पालथा घातलेले सेनानी, दोघांनाही खुश ठेवायचे. क्रॉस हजारोंनी वाटले गेले. याच वाटपात एक क्रॉस अशा माणसाकडे गेला, ज्याला आपण फार जवळून ओळखतो. महादजी शिंद्यांचा सेनापती, डी बॉईन.

बेन्वा लबॉर्न्य हे त्याचे मूळ नाव. आल्प्सच्या पायथ्याशी शांबेरीला, तेव्हाच्या सव्हॉयच्या मुलखात, १७५१ मध्ये कातडी-फरच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. फ्रान्सच्या आयरिश पलटणीत १७६८ ला भरती झाला आणि पाचएक वर्षांत कंटाळून बाहेर पडला. व्यापाऱ्याच्या पोराला तिथे वर चढायला वाव नव्हता. रशियाच्या चाकरीत गेला, तुर्कांच्या कैदेत पडला, १७७८ ला मद्रासेस उतरला आणि १७८४ मध्ये पाटीलबावांच्या नोकरीत आला. दोन पलटणींपासून सुरुवात करून त्याने कवायती कंपू उभे केले. लालसोट, आग्रा, पाटण, मेडता, लाखेरी या लढायांची नावे आपण शाळेत घोकली आहेत. लढाईत जखमी झालेल्याला जखमेच्या मानाने रोख रक्कम आणि कायमच्या जायबंदी शिपायाला निम्मे वेतन अशी सोय त्याच्या कंपूत होती. शिपायाला, अधिकाऱ्याला नव्हे फक्त. आणि खर्च निघे तो महादजींनी दुआबात लावून दिलेल्या जहागिरीतून. पाटीलबावांनी त्याला नेमताना घराणे विचारल्याचे किंवा धर्म बदलायला सांगितल्याचे कोणी लिहिलेले नाही. काम येते का, एवढे पाहिले.

हा माणूस १७९६ मध्ये अमाप पैसा घेऊन हिंदुस्थानातून निघाला, लंडनला राहिला आणि शेवटी शांबेरीला परतला. १८१४ मध्ये अठराव्या लुईने त्याला आधी मानाचे सेनापतिपद आणि मग 'सेंट लुई'चा क्रॉस दिला. त्या शपथेत एक कलम होते. राजाच्या लेखी परवानगीवाचून परक्या राजाची चाकरी करणार नाही. ज्याची सारी कीर्ती परक्या धन्याच्या चाकरीतली, त्याला हा क्रॉस! फ्रान्ससाठी त्याने लढलेली एकही नावाजलेली लढाई दाखवता येणार नाही. राजाला श्रीमंत आणि वजनदार माणूस आपल्या बाजूला हवा होता, एवढाच अर्थ निघतो. १६९३ मध्ये विचारलेला 'तू काय केलेस' हा प्रश्न तोवर विचारायचाच राहून गेला होता. जी ऑर्डर उपाशी कप्तानासाठी निघाली ती गडगंज निवृत्तासाठी वापरली जाऊ लागली, तेव्हाच तिची घटका भरली असे मला वाटते. १८३० ची जुलै क्रांती हे निमित्त.

त्या क्रांतीच्या पाच-सहा आठवडे आधी, २१ जून १८३० रोजी डी बॉईन वारला. नंतर आलेल्या लुई फिलिपने 'लिजन ऑफ ऑनर' ठेवली आणि 'सेंट लुई' बंद केली. शांबेरीच्या लोकांनी १८३८ मध्ये डी बॉईनचे स्मारक उभारले. उंच खांबावर त्याचा पुतळा आहे, आणि खाली चार दिशांना सोंडेतून पाणी सोडणारे चार हत्ती. जागेअभावी म्हणा की कल्पनेने, शिल्पकाराने हत्तींचा पुढचा अर्धाच भाग घडवला. मागचा भाग नाही. गावकऱ्यांनी त्यावरून स्मारकाला एक चावट टोपणनावही ठेवले आहे. पण हत्ती आपल्याकडचे आहेत, हे आल्प्समधले लहान मूलही सांगेल.